तिसऱ्या मजल्यापर्यंतचा चहा

सप्टेंबरात वहीचं कोरं पान उघडतो मी.
डावीकडे नावं, उजवीकडे रेघा,
एका ग्लासला एक रेघ, पाचवी आडवी.
रसायन तळमजल्यावर, गणित पहिल्यावर,
तत्त्वज्ञान दुसऱ्यावर, आणि खालचा सगळा दर्प
त्यांच्याच खिडकीतून बाहेर पडतो,
म्हणून फेरिदून होजा म्हणतात,
“सेयफी, सत्याला अमोनियाचा वास येतो.”
साखरेचे तीन खडे. हसत नाहीत कधी.

जिना संपतो तिथं मेलेल्या भाषांचा विभाग.
गुलिझार हानिम, एक कपाट,
आणि या साली एकच विद्यार्थिनी, चिदेम,
बाप दिव्रिईच्या लोखंडाच्या खाणीत.
तिथवर पोचेतो चहा कोमट होतो.
दोघी तक्रार करत नाहीत.
ज्यांचं राज्य बुडून तीन हजार वर्षं झाली
त्यांच्या क्रियापदांशी भांडत असतात.

नोव्हेंबरात अंकाराहून कागद आला:
पाचाहून कमी विद्यार्थी, त्या विभागाला
उन्हाळ्यापासून टाळं.
बैठकीत मी एक्केचाळीस ग्लास नेले.
हात वर झाले तेव्हा खाली मान घालून
मी बश्या गोळा करत होतो,
तरी मोजले. सव्वीस.
रसायनाच्या नेबाहात हानिमचाही होता त्यात.

मग जानेवारी.
किझिलिर्माक काठाकाठानं गोठली,
उणे चोवीस, आणि बॉयलर
म्हाताऱ्यासारखा दोनदा खोकून गप्प झाला.
परीक्षा तोंडावर. सगळे घरी पळाले.
गुलिझार हानिम तेवढ्या कोट चढवून,
चिदेमला पुढं घालून,
तळमजल्यावर उतरल्या नि दार ठोठावलं.
नेबाहात हानिमनी काही न बोलता
सहाच्या सहा बर्नर पेटवले.

मी किटली घेऊन उभाच राहिलो.
निळ्या ज्योतींपुढं चिदेम वाचत होती,
बोट ठेवत, अडखळत:
वातर.
“म्हणजे?” नेबाहात हानिमनी विचारलं.
“पाणी.”
फळ्यावर कालचंच सूत्र होतं, पुसायचं राहिलेलं,
दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन.
त्या बराच वेळ फळ्याकडे बघत बसल्या.
मग म्हणाल्या, “सेयफी, आज सगळ्यांचा चहा माझ्या नावावर.”

पुढं त्यांनी पत्र लिहिलं, अंकाराला, दोनदा.
उत्तर आलं एकदा. नाही.
(हे मला टंकलेखनातल्या ओयाकडून कळलं,
तिलाही बर्फासारख्या बातम्या पोटात ठेवता येत नाहीत.)
वसंतात डीन बदलले, जिन्याला रंग लागला,
फेरिदून होजांनी साखर सोडली, डॉक्टरचं ऐकून,
आणि माझ्या वहीत त्यांच्या नावापुढं
रेघा तेवढ्याच, पण चव गेल्यासारख्या.

जूनमध्ये चिदेमचं नाव पुकारलं.
त्या विभागाचं एकच नाव, पटकन संपलं.
बाप आला होता, नखांत लाल धूळ,
टाळ्या कुठं थांबवायच्या ते त्याला कळेना.

गुलिझार हानिमकडे माझी सहाशे बारा ग्लासांची बाकी.
त्यांनी पाकीट दिलं, पैसे चोख,
वर फडक्यात गुंडाळलेली विटेएवढी मातीची पाटी,
बोरूनं टोचून लिहिलेली,
नेबाहात हानिमच्या भट्टीत भाजलेली.
मी म्हटलं, “मला काय कळतंय यातलं?”
“तुलाच कळेल,” त्या म्हणाल्या. “त्या लोकांनीही
जन्मभर हिशेबच लिहिले, सेयफी.
किती मेंढ्या, किती जव, कुणाकडे किती बाकी.”
चिदेमनं बोट फिरवून वाचून दाखवलं:
सेयफी. पाणी, गरम. फिटलं.

जुलैत इमारतीत मी आणि एक मांजर.
ऑगस्टात सुतार आले, वरचं कपाट उतरवलं,
वळणावर भिंतीचा नवा रंग खरवडला गेला.

आता तिसऱ्यावर भूगोलवाल्यांचे नकाशे आहेत.
पोरं चांगली आहेत, चहा गरमच मागतात.
नव्या पानावर खिडकीतून वारा येतो,
म्हणून पाटी वहीवर ठेवतो.
परवा सवयीनं एक ग्लास जास्त भरला गेला.
वळणावर, खरवडलेल्या भिंतीपाशी,
उभ्याउभ्याच प्यालो.
रेघ कुणाच्या नावावर मारायची
ते अजून ठरवलेलं नाही.